पुष्पक आणि पायवाट : गोदाखोऱ्यातील स्थानांच्या वाचनाचा एक प्रश्न

कालिदासाच्या 'रघुवंशा'तील तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून अयोध्येकडे परतत असताना खालची भूमी सीतेला दाखवीत जातो. समुद्र, जनस्थान, माल्यवान पर्वत, पंपासरोवर, गोदावरी, पंचवटी, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम अशी चौदा वर्षांची वाट एका सर्गात उलगडते. गोदावरीवरील सारसांची रांग विमानाच्या घंटांचा नाद ऐकून सीतेला सामोरी येण्यासाठी वर उडते, ही त्या सर्गातील एक रम्य कल्पना. मात्र या विमानप्रवासातील प्रत्येक स्थळ रामाला ओळखता येते ते एकाच कारणाने. त्या भूमीवरून तो पूर्वी पायी गेलेला आहे. सीतेचे एक नूपुर जेथे पडलेले सापडले ती जागा तो वरून दाखवितो. ज्याने तेथे वाकून ते नूपुर उचललेले नाही, त्याला आकाशातून केवळ अरण्य दिसले असते.

नदीकाठच्या प्राचीन स्थळांविषयीच्या मराठी वाङ्मयाचा अभ्यास करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. स्थळांची निश्चिती करण्याचे काम आज बहुधा नकाशावर होते. उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रे हाताशी असतात, आणि अभ्यासक विमानाने चिकलठाण्याला उतरून तेथून मोटारीने दोन दिवसांत दहा स्थळे पाहून परततो. या पद्धतीत वेळ वाचतो, हे खरे. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारे स्थळे शोधावयाची ते ग्रंथ पायी चालणाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी रचलेले आहेत. त्यांतील दिशा, अंतरे आणि खुणा चालण्याच्या मापात आहेत. वाहन वर्ज्य करून या स्थळांकडे जाणे ही केवळ व्रतस्थ हौस नसून ग्रंथवाचनाची एक रीत आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. त्यासाठी जालना जिल्हा आणि त्याच्या सीमेवरील गोदातीर हे क्षेत्र घेतले आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतून वेगळा काढण्यात आला. प्रशासकीय दृष्ट्या तो नवा असला तरी नद्यांच्या दृष्टीने त्याची घडण जुनी आणि स्पष्ट आहे. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी पूर्णा व तिला मिळणाऱ्या केळणा, गिरजा. मध्यभागी दुधना आणि तिला मिळणारी, जालना शहरातून वाहणारी कुंडलिका. दक्षिणेस सीमा आखीत जाणारी गोदावरी. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालणाऱ्याला ही तीन खोरी एकामागून एक ओलांडावी लागतात. जुन्या वाटांचा विचार करताना नदी वाहते कोठून कोठे यापेक्षा ती ओलांडता येते कोठे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. ज्याला बोलीत 'उतार' म्हणतात तो उतार जेथे, तेथे वाट येते. आणि वाट येते तेथे देऊळ, मठ, बाजार उभा राहतो.

या वाटांचे वय बरेच मोठे आहे. केळणेच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनाच्या रहिवाशांची दाने नोंदलेली आहेत. मराठवाड्यातील एका नदीकाठच्या गावची माणसे विंध्य ओलांडून विदिशेजवळच्या स्तूपापर्यंत जात होती, ही गोष्ट आता नवी नसली तरी अंतर मनात आणल्यावर ती पुन्हा नवी वाटते. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांच्या वतीने येथे उत्खनन झाले; शां. भा. देव आणि रमेश शंकर गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन थरांबरोबर येथे हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा एक तुटका अवशेष मिळाला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. तेरच्या हस्तिदंती मूर्तीचाही याच चर्चेत उल्लेख होतो. केळणेच्या काठापासून इटलीपर्यंतचा हा संबंध प्रथम बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी, नंतर गलबतांनी जोडलेला होता.

त्या काळातील लिखाणात अंतर मोजण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. 'पेरिप्लस'चा अनामिक ग्रीक लेखक भृगुकच्छाहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर असल्याचे सांगतो. अंतराचे एकक दिवस हे आहे. पाली 'सुत्तनिपाता'तील पारायणवग्गात गोदावरीच्या तीरी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात तेव्हा त्यांची वाट गावांच्या मालिकेने सांगितली जाते : प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती आणि पुढे मगध. त्या मालिकेत भोगवर्धनाचे नाव नाही. तरीही ज्या दिशेने ती वाट प्रतिष्ठानाहून उत्तरेस निघते तिचा विचार केल्यास केळणेच्या काठी एवढे मोठे नगर का वाढावे, हे कळू लागते. गावांच्या नावांची अशी माळ आणि दोन नावांच्या मध्ये पडणारी एक रात्र, हेच त्या भूगोलाचे व्याकरण होय.

मराठी गद्याच्या आरंभाशी या व्याकरणाचा निकटचा संबंध आहे. चक्रधरस्वामी ज्या भडोचहून आले ते भडोच म्हणजेच 'पेरिप्लस'मधील भृगुकच्छ. तेथून रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने निघालेला हा पुरुष ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटला, नंतर दीर्घकाळ एकाकी भ्रमण करीत राहिला आणि पुढे पैठणला आला, असे पंथाची परंपरा सांगते. 'लीळाचरित्रा'ची एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध ही विभागणी मुळात एका चालणाऱ्या माणसाच्या आयुष्याची विभागणी आहे. अनुयायांना दिलेल्या आचारातही अटन, विजन आणि भिक्षा यांना मध्यवर्ती स्थान आहे. एका गावी मूळ धरू नये, ओळखीचा मोह वाढू देऊ नये, चालत राहावे, असा त्याचा आशय. येथे चालणे हे कोठे पोचण्याचे साधन नाही. तीच साधना आहे.

ग्रंथाची निर्मितीही चालण्यातूनच झाली. चक्रधरांच्या उत्तरपंथे गमनानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात, म्हाइंभटांनी लीळांचे संकलन केले. ज्यांच्यापाशी आठवण होती त्यांच्यापर्यंत जायचे, ऐकायचे, टिपायचे आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचे, अशी ही रीत होती. आजच्या भाषेत याला क्षेत्रीय अभ्यास म्हणतील. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ एका जागी बसून रचला गेलेला नाही, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात उल्लेखिली जाते, पण तिचा परिणाम ग्रंथाच्या रचनेवर काय झाला याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रत्येक लीळेच्या आरंभी गाव असते. प्रसंग अमक्या देवळाच्या अमक्या पटिशाळेवर, विहरणाहून येताना, नदीच्या थडीवर किंवा मार्गात घडतो. आठवण सांगणाऱ्याला प्रसंग जागेसकट आठवत होता. संग्राहकाने ती जागा गाळली नाही.

याच वृत्तीतून पुढे 'स्थानपोथी' तयार झाली. मुनिव्यास यांच्या नावाशी परंपरेने जोडलेली आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ही पोथी म्हणजे चक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या जागांची गाववार नोंद आहे. अवस्थान, वसती, आसन, भोजन, विहरण यांची स्थाने तर तीत आहेतच. पण देहधर्मासाठी स्वामी जेथे जात ती परिश्रयस्थानेही वगळलेली नाहीत. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, दारवठा कोठे, गावाच्या कोणत्या उपदिशेस, नदीच्या कोणत्या थडीवर, एका स्थानापासून दुसरे कोणीकडे, एवढाच तिचा मजकूर. अलंकार नाही, महिमा नाही, फलश्रुती नाही. वाङ्मयगुणांच्या शोधात येणाऱ्या वाचकाला ती रूक्ष वाटते यात नवल नाही. परंतु हा रूक्षपणा वेगळ्या प्रतीचा आहे. ही पोथी वाचून आनंद घ्यावयाचा नसून हाती धरून चालावयाचे आहे. तिचे वाक्य चालणाऱ्याच्या पावलाबरोबर पुरे होते.

गोदावरीच्या पौराणिक माहात्म्यांशी तिची तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. ब्रह्मपुराणांतर्गत गौतमीमाहात्म्यात नदीच पवित्र आहे. तिच्या काठच्या प्रत्येक तीर्थाला कथा आहे, स्नानाचे फळ आहे, आणि नदीचा प्रवाह हेच त्या तीर्थांना ओवणारे सूत्र आहे. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांविषयीच्या आपल्या १९९५ च्या ग्रंथात या माहात्म्यांचा आणि नदीला स्त्रीरूपात पाहण्याच्या लोकरूढींचा विस्ताराने विचार केला आहे. महानुभावांची दृष्टी निराळी आहे. नदीचे पाणी त्यांना तारक नाही. जेथे ईश्वरावताराचा चरण लागला तेवढी भूमी वंदनीय. म्हणून माहात्म्यकाराला तीर्थाचे नाव पुरते, स्थानपोथीकाराला मात्र हातभर जागेची निश्चिती हवी असते. त्या जागी पुढे ओटे बांधले गेले. देऊळ पडले, गाव हलले, तरी ओटा राहावा, आणि ओटाही गेला तर पोथीतील दिशांवरून तो पुन्हा बांधता यावा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, गेवराई तालुक्यात गोदापात्राजवळ असलेले पांचाळेश्वर हे या व्यवस्थेतील एक महत्त्वाचे ठिकाण. दत्तात्रेयप्रभूंचे भोजनस्थान म्हणून महानुभाव पंथ त्याला आत्मतीर्थ मानतो. जवळच राक्षसभुवन आहे, जेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. एकाच थडीवर पंथाचे तीर्थ, पौराणिक क्षेत्र आणि रणभूमी यावी हा योगायोग म्हणता येईल. पण सैन्यालाही नदी ओलांडण्यास उतारच लागतो, हे विसरता येत नाही. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे पंथाचे दुसरे प्रसिद्ध ठिकाण. ते डोंगराकडचे असल्याने येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

गोदातीरीच्या पायी प्रवासाची आणखी एक परंपरा याच भूमीत रुजलेली आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हा त्यांचा जन्मकाळ. बोहल्यावरून निघालेला बारा वर्षांचा नारायण नाशिकजवळच्या टाकळीला पोचला, असे चरित्रपरंपरा सांगते. जांबहून टाकळी म्हणजे गोदावरीच्या उगमाच्या दिशेने सबंध मराठवाड्याचा पश्चिम भाग आणि त्यापुढचा प्रदेश. पुढे बारा वर्षे टाकळीस, त्यानंतर बारा वर्षे तीर्थाटन. आणि तीर्थाटनानंतर मातेला भेटून समर्थांनी गोदावरीची प्रदक्षिणा केली, असेही परंपरा मानते. प्रदक्षिणेचा भूगोल स्थानवंदनाच्या भूगोलाहून वेगळा. प्रदक्षिणेत नदी सतत उजव्या हाताला ठेवावयाची असते. त्यामुळे उत्तर तीरावरून पूर्वेस जावे लागते, सागरसंगमापाशी तीर बदलावे लागते आणि दक्षिण तीरावरून उगमाकडे परतावे लागते. येथे उताराला काही किंमत राहत नाही. मधे नदी ओलांडणे हाच दोष. स्थानवंदनाचा यात्रिक मात्र लीळांच्या क्रमाने दोन्ही तीरांवर ये-जा करतो. एकाच नदीकाठी चालण्याच्या या दोन रीतींतून दोन वाङ्मयप्रकार निर्माण झाले. याची दखल मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात घेतली गेली पाहिजे. तो इतिहास गोडसे भटजींपासून सुरू करण्याची सवय आता सोडून देण्यास हरकत नाही.

वाहन वर्ज्य मानणारी आणखी एक जिवंत परंपरा जालना शहरातच पाहावयास मिळते. स्थानकवासी जैन समाजाचे गुरु गणेश तपोधाम येथे आहे. जैन साधुसाध्वींचा विहार पायीच होतो. मोटार, आगगाडी आणि विमान ही तिन्ही त्यांना सारखीच त्याज्य. पावसाळ्याचे चार महिने मात्र ते एका ठिकाणी राहतात. नद्या भरलेल्या, उतार बंद, वाटेत जीवजंतू फार, हा चातुर्मासामागील व्यवहार. जुन्या साहित्यातील यात्रांचे कालगणित लावताना हे चार महिने वजा करण्यास अभ्यासक पुष्कळदा विसरतात.

आता बदललेल्या वाटांचा विचार करावयास हवा, कारण खरी अडचण तेथे आहे. निजामी राज्यातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. नाव गोदावरीचे असले तरी या भागात ती चालते दुधनेच्या खोऱ्यातून : बदनापूर, जालना, रांजणी, परतूर. १९९० च्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले आणि ३० डिसेंबर २०२३ पासून जालना-मुंबई वंदे भारत गाडीही सुरू झाली. रेल्वेने येणारा प्रवासी गोदावरीच्या गावांकडे उत्तरेकडून, म्हणजे माळाकडून येतो. धुळे-सोलापूर महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो; त्याने येणारा पुलावरून येतो आणि पुलावरून जातो. काठच्या गावांत शिरणारी डांबरी सडक तालुक्याच्या गावाकडून आलेली असते. गावे मात्र नदीकडे तोंड करून वसलेली होती. जुनी वेस, घाट, देवळांची दारे यांचा क्रम नदीकडून आत येणाऱ्याला लागतो. मोटारीतून उतरणारा अभ्यासक गावात पाठीमागच्या बाजूने शिरतो, पोथीतील पहिली खूण त्याला शेवटी दिसते, आणि मग पाठ भ्रष्ट असल्याची शंका तो घेतो. पाठ भ्रष्ट असेलही. महानुभाव पोथ्यांत पाठभेद थोडे नाहीत. परंतु तो निष्कर्ष काढण्यापूर्वी गावात योग्य बाजूने शिरून पाहणे एवढे तरी करावयास हवे.

त्याहून गंभीर बदल पाण्याचा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराने पैठणच्या वरच्या अंगाची अनेक गावे पोटात घेतली. खालच्या अंगाला आधी पात्र कोरडे पडत गेले, आणि नंतर बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली : आपेगाव, हिरडपुरी, आणि जालना जिल्ह्याच्या हद्दीत जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. या पाण्यावर काठची शेती उभी आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु जेथे बंधाऱ्याचे पाणी तुंबते तेथे उतार बुडतो, आणि उतार बुडाला की दोन तीरांवरील स्थानांना जोडणारी वाट केवळ पोथीत उरते. वाळूच्या उपशाने पात्राची खोलीही बदलली आहे. नदीच्या थडीपासून अमुक दिशेस, असे पोथीने सांगितले असेल तर ती थडी आज कोठे धरावयाची, हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुटणार नाही. उपग्रहाचे चित्रही आजचीच थडी दाखविते. जुनी थडी सांगू शकतील अशी माणसे, धरणापूर्वी नदी पायी ओलांडलेली, काठच्या गावांत आता वार्धक्यात आहेत. ती विचारणाऱ्याला सांगतात, मात्र विचारणारा त्यांच्या ओट्यावर टेकण्याइतका वेळ घेऊन आलेला असावा लागतो.

विभागातील विद्यार्थ्यांना हे काम हाती घेता येण्यासारखे आहे आणि त्याला फार साधने लागत नाहीत. रेल्वेने जालना, तेथून एस.टी.ने अंबडमार्गे शहागड. आणि शहागडहून पुढे पायी. पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतरचे तीन महिने यास सोयीचे. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांतून चालणे कठीण आणि सावली तुरळक. उत्तर तीरावरून पूर्वेस निघाल्यास नदी उजव्या हाताला राहते, त्यामुळे प्रदक्षिणेचा क्रमही आपोआप साधतो. प्रत्येक गावी प्रथम नदीवर जावे, जुन्या घाटाची किंवा उताराची जागा विचारावी, तेथून वर चढून वेशीपर्यंत यावे आणि मग देवळांची तोंडे, ओट्यांच्या दिशा, पडक्या मठांच्या जागा टिपाव्यात. 'स्थानपोथी'त ज्या गावाचा उल्लेख नाही त्या गावीही हेच करावे, कारण दोन उल्लेखित गावांमधील मुक्काम कोठे पडला असेल याचा अंदाज अशाच नोंदींवरून बांधता येतो. अंतर किलोमीटरमध्ये लिहिले तरी शेजारी किती वेळ लागला ते लिहावे. जोगलादेवी ते लोणी सावंगी या पट्ट्यातील चार बंधाऱ्यांच्या तुंबीखाली कोणते उतार गेले, त्यांची नावे काय होती आणि त्यांनी पलीकडची कोणती गावे जोडली जात होती, एवढी यादी जरी झाली तरी 'लीळाचरित्रा'तील गोदातीरीच्या मार्गांविषयीच्या चर्चेला आज नसलेला आधार मिळेल.